शितावरून भात

ओहोटी दोन तास पंचवीस मिनिटांची.
तेवढ्यात जेवढा चिखल चाळून होईल
तेवढंच माझं शास्त्र.

सांत इस्तेव्हच्या खाजनाबाहेर, बांधाच्या खाली,
जिथं मांडवीचा एक फाटा
आपला गाळ ठेवून निघून जातो,
मी पत्र्याची चौकट रोवते. वीतभर लांब, वीतभर रुंद.
आतलं सगळं चाळणीत. पाणी. हलवणं. पुन्हा पाणी.
उरतात ते नखाएवढे शिंपले, शेपटी तुटलेली एक अळी,
घाबरून स्वतःतच शिरलेला गोगलगायीचा ठिपका.
फॉर्मालिन. चिठ्ठी, पेन्सिलीनं, कारण शाई पळते.

"तीस पुरे," कंटक सर म्हणाले होते,
आणि अनुदानात बाटल्याही तीसच बसल्या.
कशावरून काय ठरलं, मी विचारलं नाही.

पहिल्या चाळणीत नऊ जाती.
दुसरीत चार नव्या. पाचवीपर्यंत
नावं लिहिताना हात थरथरत होता.
बारावीनंतर तेच तेच चेहरे,
लग्नात दुसऱ्या पंगतीलाही दिसतात तसे.
अठ्ठाविसावीत एक. एकोणतिसावीत शून्य. तिसावीत शून्य.
रात्री कागदावर ठिपके जोडले:
रेघ चढली, दमली, आडवी झाली.
झोपली म्हणावं का?

शितावरून भाताची परीक्षा, आपण म्हणतो,
आणि ते खरंही आहे.
पण भात उकळतो, तळचं शीत वर येतं,
वरचं तळाशी जातं.
या चिखलात कुणी डाव फिरवलेला नाही.
इथं चार पावलांवर मीठ बदलतं,
खेकड्याच्या एका बिळाभोवती वेगळंच गाव वसतं.
पहिल्या दिवशी तिवराच्या सावलीत बसून
मी दहा चौकटी घेतल्या होत्या, ऊन होतं म्हणून.
त्या दहा कसल्या, ती एकच होती,
दहादा घेतलेली.

पिएदाद परकर खोचून तिसऱ्या काढत होती.
माझ्या काठ्यांकडे बघून हसली:
लाल चिंध्यांच्या तीस, सगळ्या बांधाला धरून,
फेस्ताच्या पताकांसारख्या ओळीनं.
"थंय तू गेलीच ना," तिनं कोयती रोखली
मानशीच्या तोंडाकडे,
दारातून सुटलेलं पाणी जिथं वळतं,
जिथं माणूस मांडीपर्यंत जातो
आणि चप्पल परत येत नाही.

मी गेले नव्हते.
जिथं पाय टेकतो तिथलंच मोजलं होतं
आणि वहीत लिहिलं होतं: यादृच्छिक.

एकतिसावी बाटली नव्हती.
तिनं मिस्कुटाची बरणी खंगाळून दिली.
फळीवर पोट टेकून सरपटत गेले.
चाळणीत तीन प्राणी. तिन्ही अनोळखी.

रेघ उठून बसली.

मग मी यादीतले ते सहा शोधले
जे अख्ख्या मोसमात एकेकदाच हाती लागले.
त्यांना खोडायचं मनात होतं, चुकून आलेले म्हणून.
आता वाटतं, न भेटलेल्यांचा पत्ता
असलाच तर यांच्यापाशी असेल;
एकदाच दिसणारा
कुणा न दिसणाऱ्याचा शेजारी असतो.

सरांना काय सांगू? चाळीस? साठ?
आकडा लिहिला, खोडला.
त्याखाली लिहिलं: मानशीपाशी किती, तिवरात किती,
उघड्या गाळात किती,
आणि कुठे कुठे मी गेलेच नाही.

पिएदादला विचारलं, तू कधी थांबतेस?
तिनं टोपली उचलली. अर्धीच भरली होती.
बोलली काही नाही.
पाणी तिच्या घोट्याला लागलं होतं,
आणि माझ्या एकतिसाव्या काठीला
अजून चिंधी बांधायची होती.